जेनीची विहीर आणि जालन्याचा तांब्या

बेटाचं नाव या लेखात येणार नाही. यात लपवाछपवी काही नाही, जेनीची तशी अट आहे. "खुशाल लिही," ती मला फोनवर म्हणाली, "फक्त नाव घालू नकोस. माझ्याकडे खोल्या सहा आहेत आणि विहीर एकच." म्हणून एवढंच सांगते, की कॉर्नवॉलच्याही पलीकडे, भर समुद्रात, सिली नावाचा बेटांचा पुंजका आहे आणि त्यातलं हे एक चिमुकलं बेट आहे. सकाळचा चहा घेऊन निघालात तर जेवायच्या वेळेपर्यंत त्याची प्रदक्षिणा पूर्ण होते, तीही वाटेत खडकांवरचे सील प्राणी बघायला थांबून.

गोष्ट 2006 च्या ऑगस्टमधली. आम्ही चौघं गेलो होतो: मी, नवरा शिरीष, आठ वर्षांची लेक इरा आणि सासूबाई. शिरीष आणि मी दोघंही सॉफ्टवेअरमधले, पुण्याहून येऊन रीडिंगला रुजलेले. इरा तर इथलीच. सासूबाई जालन्याच्या, मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. निवृत्ती अर्थात कागदावरचीच. तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या आणि आल्या आल्या त्यांचं आमच्या गल्लीतल्या तीन शेजाऱ्यांना कुंपणं कशी लावावीत ते सांगून झालं होतं. त्यांच्या सुटकेसमध्ये साड्यांच्या घडीत एक पितळी तांब्या असायचा. माहेरून आलेला. "आंघोळ त्याच्याशिवाय होत नाही," असं त्यांनी हीथ्रोच्या कस्टमवाल्यालाही ऐकवलं होतं.

शनिवार: धक्क्यावर

पेन्झान्सहून निघालेली बोट डुलते असं सगळेच सांगतात. ती डुलत नाही, ती सुपात पाखडल्यासारखं पाखडते. शिरीषचा चेहरा दुधी भोपळ्याच्या रंगाचा झाला होता. सासूबाई मात्र आवळासुपारी चघळत डेकवर ताठ बसून होत्या. मुख्य बेटावर उतरून लहान उघड्या नावेत बसलो आणि पाण्याचा रंग पाहून सगळ्यांची मळमळ पळाली. तळाची वाळू पांढरीशुभ्र, त्यावर हिरवं निळं पाणी, मध्येच ग्रॅनाइटचे खडक. हे इंग्लंड आहे यावर विश्वासच बसेना.

धक्क्यावर जेनी आली होती. पन्नाशीची, उन्हाने लाल झालेली, मोठ्याने हसणारी बाई. तिचा नवरा टॉम ट्रॅक्टर घेऊन आला होता. बेटावर मोटारी जवळजवळ नाहीतच. सगळ्यांच्या बॅगा ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत, आणि माणसं आपापल्या पायांनी मागून. वाटेच्या दोन्ही बाजूंना निळ्या फुलांचे गेंद माजले होते. "ट्रॉलीत सामान आणि मागे वऱ्हाड," सासूबाई खूश होऊन म्हणाल्या, "अगदी आमच्याकडच्यासारखं."

घर दगडी, बसकं, समुद्राकडे तोंड करून उभं. एक खोली मला आणि शिरीषला, आणि शेजारची, आंघोळीच्या मोठ्या टबवाली, आजी-नातीला. आमच्याशिवाय मुक्कामाला कार्डिफच्या ग्वेनबाई आणि त्यांचे यजमान होते. ग्वेनबाई सरकारी हॉस्पिटलात नर्स होत्या, त्यांचे गुडघे गेलेले. बाकीच्या खोल्यांतही माणसं होतीच, पण ती दिवसभर पक्षी बघायला गायब असायची.

रविवार: बादली

सकाळी सासूबाई जिन्याच्या टोकावर उभ्या राहिल्या आणि जेनीला म्हणाल्या, "प्लीज, वन बकेट."

जेनीचा चेहरा पडला. ती धावत गेली आणि बादली, जंतुनाशकाची बाटली, टॉवेल आणि कोरडी बिस्किटं घेऊन आली. "बिचाऱ्या! बोटीचा त्रास अजून चालू आहे का?" सासूबाईंना ओकारी येतेय असा तिचा समज झाला होता. मी समजावलं, की ह्यांना आंघोळ करायची आहे. जेनीने माझ्याकडे पाहिलं, टबकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाईंनी तिच्या हातून बादली घेतली, बिस्किटंही घेतली, आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी चहाच्या वेळी जेनीने आम्हा सगळ्यांना घरामागे नेलं. तिथे विहीर होती. तोंडावर लाकडी झाकण, आणि कडेला खुंटीवर गुंडाळलेला दोर. दोराच्या टोकाला दगड, आणि दगडापासून जरा वर लाल फ्लॅनेलची चिंधी बांधलेली.

टॉम फार बोलणारा माणूस नाही, पण विहिरीवर तो बोलला. "ही चिंधी माझ्या वडिलांनी बांधली. दगड तळाला टेकवायचा आणि दोर वर ओढायचा. चिंधी ओली निघाली तर पाहुणे ठेवायचे. कोरडी निघाली तर घर बंद. त्याच्या खाली उपसा केला तर खालून समुद्र आत येतो. वडिलांच्या काळी एकदा आला होता. पुढचे दोन हिवाळे विहीर खारट होती."

"मग बंद करता का कधी?" शिरीषने विचारलं.

"एकदा करावं लागलं," जेनी म्हणाली. "उन्हाळ्यातल्या पाहुण्यांवर आमचा हिवाळा निघतो. त्या वर्षी मी मेनलँडवर एका कॅन्टीनमध्ये नोकरी केली, सबंध हिवाळा. टॉम इथे एकटा." ती हसायचा प्रयत्न करत होती. "यंदा पाऊसच नाही. शुक्रवारी बघणार आहोत. कोरडी निघाली तर शनिवारच्या लोकांना येऊ नका म्हणून फोन करायचे. तेव्हा प्लीज, जरा जपून."

शेजारी सांगतात की अजून चार खोल्या काढ, असं टॉम म्हणाला. "खोल्या काढीन. विहीर कुठून काढू? पाहुणे आले नाहीत तर आम्ही उपाशी, फार आले तर विहीर उपाशी."

सासूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. त्यांना इंग्रजी बोलण्यापेक्षा समजतं जास्त. परत येताना त्या पावलं झपाझप टाकत होत्या. कसला तरी बेत शिजत होता, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

टोमॅटो आणि साय

सोमवार, मंगळवार आम्ही नुसते उनाडलो. बेटावर घरांच्या फाटकांपाशी लाकडी फळ्यांवर माल मांडलेला असतो: टोमॅटो, अंडी, नवे बटाटे, जॅमच्या बाटल्या. शेजारी एक डबा. हवं ते घ्या, पैसे डब्यात टाका. विकणारं कुणी नाही. सासूबाईंना हे सहनच होईना. "अगं मुग्धा, कुणी नाही इथे! उघड्यावर टाकून गेलेत!" मी म्हटलं, "आई, इथे असंच असतं." त्यांना पटलं नाही. आम्ही समुद्रावर जाऊन परत आलो तर त्या त्या फळीशेजारी दगडावर बसलेल्या, मांडीवर पर्स, आणि एका तरुण जोडप्याला टोमॅटो निवडून देत होत्या. "दीज आर फॉर टुडे. दीज, टुमॉरो." फळीची मालकीण कुंपणाआडून बघत हसत होती. तिने आम्हाला काकडी भेट दिली.

दुपारी क्रीम टी. स्कोन नावाची भुसभुशीत पाववजा वस्तू, त्यावर आधी जॅम आणि वर क्रीम. क्रम चुकला तर कॉर्नवॉलकडचे लोक दुखावतात. सासूबाईंनी त्या घट्ट पिवळसर क्रीमचा चमचा तोंडात घातला आणि डोळेच मिटले. "मुग्धा, ही साय आहे." रीडिंगला आल्यापासून पिशवीतल्या, आपलं, बाटलीतल्या दुधावर साय धरत नाही म्हणून त्या कुढत होत्या. मग क्रमबीम सोडून त्यांनी त्यावर साखर भुरभुरवली आणि नुसतीच खाल्ली. चहावाल्या बाईंनी ते चालवून घेतलं.

मंगळवारी न्याहारीला इरा म्हणाली, "आई, आजीने टब भरला. फुल टब. खूप छान दिसतो तो."

मी दबक्या आवाजात म्हटलं, "आई, टबमध्ये पाणी फार लागतं हो. जेनी काय म्हणाली ऐकलंत ना?"

"मी टबात बसत नाही," सासूबाई अपमान झाल्यासारख्या म्हणाल्या. "मला अर्धी बादली पुरते. मला पाण्याचं सांगू नकोस, मी जालन्याची आहे."

विषय मी तिथेच सोडला.

बुधवार: खड्डा

बुधवारी उठून खाली आले तर जेनीच्या तोंडचं पाणी पळालेलं. पहाटे पंप फार वेळ चालल्याचं ऐकून टॉमने शुक्रवारची वाट न बघता दोर सोडला होता. चिंधीचं खालचं टोक तेवढं ओलं होतं. बाकी कोरडी.

"एवढं कसं उतरलं दोन दिवसांत?" टॉम म्हणाला. "पाइप कुठेतरी फुटला असणार."

मग खोदकाम सुरू झालं. विहिरीपासून घरापर्यंतचा पाइप उघडा करायचा म्हणून टॉमने कुदळ घेतली आणि शिरीषने फावडं. शिरीष आयुष्यात पहिल्यांदाच हाताने काहीतरी करत होता. त्याला इतका आनंद झाला, की जेनीचे बटाटेही त्याने उकरून ठेवले. ग्वेनबाई गुडघे सांभाळत चहा पुरवत होत्या. गळती काही सापडेना. माती कोरडी ठणठणीत. जेवायच्या वेळेला जेनी विहिरीच्या कठड्यावर बसली आणि हळूच म्हणाली, "टॉम, फोन करून टाकूया का लोकांना?" टॉम खणतच राहिला. मला फार वाईट वाटलं. चार दिवसांत ही बाई आमच्या घरची झाली होती.

तेवढ्यात सासूबाई खाली आल्या. पदर खोचलेला. त्या थेट जेनीपुढे उभ्या राहिल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "जेनी, डोन्ट वरी. वॉटर इज देअर. कम."

आम्ही सगळे त्यांच्या मागे जिना चढलो. त्यांनी बाथरूमचं दार उघडलं. टबवर धूळ पडू नये म्हणून चादर झाकलेली होती. ती त्यांनी बाजूला केली. टब काठोकाठ. खिडकीच्या कट्ट्यावर फुलदाण्या, चहाची किटली, पाण्याचे जग, दात घासायचे दोन्ही ग्लास, आणि इराची वाळूत खेळायची पिवळी बादली, सगळं ओळीत, तोंडोतोंड भरलेलं, प्रत्येकावर बशी नाहीतर रुमाल झाकलेला. मधोमध पितळी तांब्या.

जालन्याला नळ आठवड्यातून एखाद्या दिवशी येतात. पाणी जाणार अशी कुणकुण लागली की घरातलं चमच्यापर्यंत सगळं भरून ठेवायचं, हे तिथल्या माणसाच्या रक्तात असतं. रविवारी जेनीचं बोलणं ऐकून सासूबाईंनी तेच केलं होतं.

"आय फिल एव्हरी मॉर्निंग," त्या अभिमानाने म्हणाल्या. "फ्रेश."

"रोज?" जेनीने विचारलं. "मग आदल्या दिवशीचं?"

"दॅट इज शिळं." शब्द सापडेना तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर केलं. शिळं पाणी. ते त्या रोज पहाटे ओतून देत होत्या आणि टब नव्याने भरत होत्या. सोमवारी, मंगळवारी आणि आज.

खाली खणलेला चर खिडकीतून स्पष्ट दिसत होता. जेनी टबच्या काठावर मटकन बसली.

इराने विचारलं, "आजी, पण हा पाणी शिळा का झाला? विहिरीत तर तो कधीपासून आहे."

चाळीस वर्षं मुलींच्या प्रश्नांना उत्तरं दिलेल्या बाईला माझ्यासमोर पहिल्यांदाच उत्तर सुचलं नाही. त्यांचा चेहरा इतका उतरला, की मीच त्यांचा हात धरला. मग त्या जेनीला म्हणाल्या, "सॉरी. आय थॉट, आय ॲम सेव्हिंग."

जेनीने त्यांच्याकडे पाहिलं, फुलदाण्यांच्या रांगेकडे पाहिलं, आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं ती रडतेय. ती हसत होती. टॉम हसायला लागला, ग्वेनबाई दाराला धरून हसायला लागल्या. शिरीष तर मातीने बरबटलेल्या हातांनी डोळे पुसत होता. हसू ओसरल्यावर जेनीने विचारलं, "तुम्ही अर्ध्या बादलीत खरंच आंघोळ करता?"

"केसांसकट," सासूबाई म्हणाल्या.

गुरुवार: शाळा

टॉमने पंपाचं बटण बंद केलं. शुक्रवार संध्याकाळपर्यंत विहिरीतून थेंबही काढायचा नाही, आणि सबंध घराने सासूबाईंच्या साठ्यावर भागवायचं, असं ठरलं. पक्षीवाल्यांनीही मान डोलावली, बहुधा न ऐकताच.

आंघोळीचं शिक्षण सासूबाईंनी हातात घेतलं. बेटावरच्या सगळ्या शेजाऱ्यांकडून बादल्या मागून आणल्या. कोळशाची, गाजरांची, घोड्याच्या खाण्याची, अशा नाना तऱ्हा. पहिल्या विद्यार्थिनी ग्वेनबाई. त्या आत स्टुलावर बसल्या आणि सासूबाई बंद दाराबाहेरून सूचना देत होत्या. "फर्स्ट फीट! देन शोल्डर. स्लोली! नाऊ सोप. हेड लास्ट!" आतून पाण्याचा आणि किंचाळण्याचा आवाज. बाहेर आल्या तेव्हा ग्वेनबाईंचे गाल गुलाबी झाले होते. "लहानपणी आजीकडे चुलीपुढे पत्र्याच्या टबात बसवून असंच जगमधून पाणी घालायचे," त्या म्हणाल्या. "मी विसरलेच होते."

पक्षीवाल्यांतला एक उंच मनुष्य बादलीत पाणी उरवून बाहेर आला, तेव्हा सासूबाईंनी त्याला "व्हेरी गुड" म्हटलं. तो दिवसभर ते सगळ्यांना सांगत होता. भाज्या धुतलेलं पाणी टोमॅटोंना गेलं, टोमॅटोंनी तक्रार केली नाही. शिरीषने खणलेला चर बुजवला आणि बटाटे आहेत तिथे परत लावायचा प्रयत्न केला.

शुक्रवार: चिंधी

शुक्रवारी संध्याकाळी बेटाबेटांमध्ये लांब लाकडी होड्यांची शर्यत असते. सहा वल्हेकरी, एक सुकाणूवाला, आणि किनाऱ्यावर सगळं गाव ओरडायला. जेनी बायकांच्या होडीत दुसऱ्या वल्ह्यावर होती. आमची होडी शेवटून पहिली आली. तरी आम्ही जिंकल्यासारखे ओरडलो, आणि सासूबाईंनी "जय भवानी" म्हटल्यावर इराच्या मागोमाग अर्ध्या किनाऱ्याने "जय शिवाजी" म्हटलं.

तिथून सगळे थेट विहिरीवर. जेनीचे केस ओले, हाताला फोड आलेले. टॉमने झाकण काढलं, दोर सोडला. दगड तळाला टेकल्याचा बारीक आवाज आला. मग त्याने दोर ओढायला न घेता तो सासूबाईंच्या हातात दिला.

त्यांनी ओढला. लहानपणी रहाट ओढलेले हात ते. हातामागून हात, घाई नाही. दोराचा ओला भाग वर आला, आणखी आला, आणि चिंधी दिसली. लाल फ्लॅनेल गडद झाली होती. तरी सासूबाईंचा विश्वास बसेना. त्यांनी ती मुठीत धरून पिळली. जेनीच्या उघड्या तळव्यावर पाण्याची धार पडली.

जेनीने बोट जिभेला लावलं. "गोड आहे," ती म्हणाली, आणि तिने सासूबाईंना अशी मिठी मारली की दोघींच्या मध्ये दोरही अडकला. माझा जीव भांड्यात पडला. शिरीष उगाचच टॉमच्या पाठीवर थापा मारत होता.

पुन्हा शनिवार

आम्हाला न्यायला आलेल्या नावेतूनच नवे पाहुणे उतरले. दोन कुटुंबं, एक म्हातारं जोडपं, कुठल्याशा मेडनहेडच्या बाई. त्यांच्या सामानाबरोबर पेन्झान्सहून एक गठ्ठा आला: एकात एक बसवलेल्या सहा निळ्या बादल्या आणि सहा मग. जेनीने फोनवरून मागवल्या होत्या. खोलीला एकेक.

सासूबाईंनी बादली बोटाने वाजवून पाहिली, एक मग हातात घेऊन पाहिला. "मग लहान आहे," त्या म्हणाल्या. त्यांनी तिथेच धक्क्यावर सुटकेस उघडली, साड्यांच्या घड्यांत हात घातला आणि पितळी तांब्या काढून जेनीच्या हातात दिला. शिरीष म्हणाला, "आई, अगं तो माहेरचा..." त्यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मुख्याध्यापिकेचं ते पाहणं त्याला चांगलं माहीत आहे. जेनी धावत घरी गेली आणि तिच्या दुधाचा निळ्या काठाचा इनॅमलचा जग घेऊन आली. नाव सुटेपर्यंत सासूबाई नव्या पाहुण्यांना सांगत होत्या, "फर्स्ट फीट!"

त्याला आता दोन वर्षं होतील. इनॅमलचा जग जालन्याला आहे. नळ आले की सासूबाई अजूनही चमच्यापर्यंत सगळं भरतात, पण कालचं पाणी ओतत नाहीत. शेजारणींना सांगतात, विहिरीत तर ते कधीपासून आहे. हे आपलं स्वतःचं म्हणून सांगतात. इराचं नाव घेत नाहीत.

दर उन्हाळ्यात आमच्या फोनवर रविवारी एक काम वाढतं. जेनी मला विचारते, जालन्याला पाऊस झाला का. आणि सासूबाई, "कशी आहेस" म्हणायच्या आधी विचारतात, "चिंधी?"

गेल्या रविवारी मी सांगितलं, "ओली आहे, आई. पिळून बघितली म्हणे."

"मग येऊ देत पाहुणे," त्या म्हणाल्या, आणि समाधानाने फोन ठेवून दिला. आमची चौकशी करायची राहूनच गेली.